हीटर लावून चंदगडला

उन्हाळ्यात लोक महाबळेश्वरला जातात, पावसाळ्यात आंबोलीला जातात. पण ऐन जानेवारीत, सगळ्या काचा गच्च बंद करून, हीटर पूर्ण सोडून, मागच्या सीटवर प्लॅस्टिकचा सूट घातलेली पैलवान पोरगी बसवून चंदगडला कुणी गेलं असेल, असं मला वाटत नाही. मी गेले. गाडी मीच चालवली. परत आल्यापासून दुकानात ब्लाउज टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ही हकिकत सांगते आहे आणि सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते.

गडमुडशिंगीत माझं शिलाईचं दुकान आहे. माझा थोरला भाऊ, दादा, कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर काम करतो. त्याची मुलगी दिपा कुस्ती खेळते. पंचावन्न किलोच्या गटात. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीत ती वजनकाट्यावरूनच परत आली होती. थोडंसं वजन जास्त भरलं आणि कुस्तीचा कपडाही न घालता पोरगी घरी आली. हरली असती तर आम्ही रडून मोकळे झालो असतो. पण न लढताच परत येण्याचं दुःख कुणाला सांगायचं? ती वर्षभर त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त घरातला आरसा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. यंदा चाचणी चंदगडच्या पुढच्या एका गावी होती. तालमीतल्या बाकी मुली वस्तादांबरोबर जीपनं परभारे जाणार होत्या. आम्ही आदल्या दिवशी निघून नेसरीत अक्काकडे मुक्काम करायचा, असं अक्कानं परस्पर ठरवलं होतं. अक्का म्हणजे आमची चुलतबहीण, आम्हा सगळ्यांत थोरली. तिचं गाव ओलांडून पुढं जायची कुणाची छाती नाही.

गडमुडशिंगी ते गडहिंग्लज

निघालो तेव्हा चांगलीच थंडी होती. दादा माझ्या शेजारी, पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दुसरा सोबत न घेता. दिपा मागं, कानाला मफलर. गल्ली संपायच्या आत समोरची काच पांढरी.

"पुस की," मी म्हटलं.

दादानं टॉवेल काढला आणि पुसलं. काच स्वच्छ झाली, आणि आम्ही जरा पुढं जातो तोवर पुन्हा पांढरी. त्यानं पुन्हा पुसलं. कागलपर्यंत आमचं हेच चाललं होतं. मग त्याला एक शक्कल सुचली. फाउंड्रीतल्या कुणा ड्रायव्हरनं त्याला सांगितलं होतं की काचेला तंबाखू चोळली की वाफ धरत नाही. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं चिमूटभर तंबाखू ओली करून काचेला आतून फासलीसुद्धा. आता काच पांढरीच्या जागी तपकिरी झाली आणि गाडीत पानपट्टीचा वास सुटला. दिपा मागं शिंकून शिंकून बेजार.

"तो ड्रायव्हर बाहीरनं लावत असंल, पप्पा!"

"मग तसं सांगायचं हुतं की त्यानं."

निपाणी ओलांडल्यावर मी म्हटलं, गाडीला हीटर म्हणून काहीतरी असतं, ते तरी लावून बघू. गाडी घेऊन इतकी वर्षं झाली, त्या लाल खुणेकडे बटण कधी फिरवलंच नव्हतं. फिरवलं. आतून आली ती गार हवा. चांगली गारेगार! दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

गडहिंग्लजमध्ये नदीच्या अलीकडे एक गॅरेज दिसलं तिथं मी गाडी घातली. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि दादाला म्हणाला, "पावणं, हीटर तोडलाय की ह्याचा."

गाडी माझी, चालवते मी, खाली उतरून पुढं उभी राहिले ती मी, आणि हा माणूस दादाला सांगतोय! मी म्हटलं, "मला सांगा. कुणी तोडला?"

तो ओशाळला. मग त्यानं मला दाखवलं. इंजिनमधलं गरम पाणी दोन नळ्यांतून आत हीटरकडे जातं आणि परत येतं. आमच्या गावच्या मेकॅनिकनं कधीतरी एक नळी गळते म्हणून दोन्ही नळ्या काढून बाहेरच्या बाहेर एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. पाणी हीटरकडे जातच नव्हतं. "आपल्याकडं कुणाला हीटर लागतोय, म्हणून सगळी असंच करत्यात," हा म्हणाला. त्याच्या बोलण्यात रागही नव्हता आणि नवलही नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आपल्याकडे थंडी वाजली तर माणूस स्वेटर घालतो, गाडी तापवत बसत नाही.

त्यानं नवी नळी घालून जोडणी केली, पाणी भरलं. मग डॅशबोर्डवरची एक छोटी दांडी दाखवून विचारलं, "ही बंद का ठेवलीया? बाहीरची हवा आत आली न्हाय तर काच धरणारच की."

आता ह्याला काय सांगायचं? आमच्या भागात हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याची काजळी पडते. दोरीवर वाळत घातलेलं धुणं काळ्या ठिपक्यांचं होऊन घरात येतं. वर मळीचा वास. म्हणून बाहेरची हवा आत घेणारी ती दांडी कधीही उघडायची नाही, हा आमच्या गाडीतला पहिला नियम. गाडी घेतली त्या दिवशी दादानंच तो घालून दिला होता.

मेकॅनिकनं दांडी उघडली आणि पंखा पूर्ण सोडला. दादा नेमका आत बसून, वाकून, जाळीला नाक लावून गरम हवा येते का बघत होता.

गरम हवा आली. तिच्याआधी इतक्या हंगामांची साठलेली काजळी आली. एकदम, भस्सकन. दादाचं तोंड, मिशा आणि तो कडक इस्त्रीचा शर्ट, सगळं काळं! दिपा रस्त्यावर बसून हसत होती. मी हसले नाही असं मी सगळ्यांना सांगते, पण मीही गाडीचं दार धरून हसले.

दादा शर्ट झटकायला गेला तशी ती आणखी पसरली. शेजारच्या हॉटेलात मिसळ खाऊया म्हटलं तर म्हणाला, "मला नगो." मिसळीला नाही म्हणणारा दादा मी जन्मात पाहिला नव्हता. शर्टाचा राग मिसळीवर काढतोय, असं मी म्हटलं आणि त्याच्या वाटणीचीही मीच खाल्ली. दिपा दोन उकडलेली अंडी घेऊन बसली होती.

नेसरी

गडहिंग्लज सोडलं की रस्ता बघत राहावासा वाटतो. दोन्ही अंगांना ऊस, त्याला पांढरे तुरे आलेले, आणि मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर आणि गुळाचा वास. हीटर चालू, काच लख्ख, पाय गरम. मला तर विमान चालवत असल्यासारखं वाटत होतं. नेसरीत शिरलो तेव्हा अक्का दारातच उभी होती.

"ये माझ्या अव्वा!" म्हणून तिनं दिपाला पोटाशी धरलं, मग दादाकडे बघितलं. "आणि हे काय रं? भट्टीत पडलतास?"

इकडं दक्षिणेला आलं की माया कानडीत सुरू होते. माया कानडी असो की मराठी, शेवट ताटावरच होतो. आम्ही हातपाय धुतोय तोवर चुलीवर गावठी कोंबडा शिजत होता. घनसाळ तांदळाच्या भाताचा वास अंगणापर्यंत आला होता. नाचणीच्या भाकऱ्या, भाजलेली रताळी, काकवी, वर तुपाची वाटी.

मी आधीच सांगितलं, "अक्का, पोरीचं उद्या वजन हाय. तिला काय वाढू नको."

"एका घासानं काय हुतंय?"

आमच्या भागाबाहेरच्या लोकांना ह्या एका घासाची ताकद कळायची नाही. आमच्याकडे पाहुण्याला वाढणं आणि पाहुण्यानं नाही म्हणणं ह्यात दरवेळी वाढणाराच जिंकतो. अक्कानं भांडण केलं नाही. ती फक्त आपलं ताट बाजूला सारून दिपासमोर मांडी घालून बसली. "तू खाल्ल्याबिगर मी बी जेवत न्हाय. ऱ्हातो उपाशी. म्हातारीचं काय."

दिपानं माझ्याकडे बघितलं. दादा मध्ये पडला. "अक्का, तिला जबरदस्ती करू नको. मी खातो तिच्या वाटणीचं." असं म्हणून त्यानं खाल्लं किती, तर अर्धी भाकरी आणि तो उठला. अक्कानं त्याला सरळ हाकललं, "तू ऊठ. काळं तोंड घिऊन ताटावर बसतोय."

शेवटी दिपानं एक घास खाल्ला. मग अक्कानं आनंदानं तिच्या ताटात भात ओतला. मग रस्सा. मग, एवढी कोरडी कशी जाईल, म्हणून तूप. मग झोपताना गरम दूध, आणि ते दूध पिईपर्यंत अक्का पेला धरून उभी.

सकाळी उठून आम्ही तिघं नेसरीतल्या धान्याच्या आडत दुकानात गेलो. दुकानदारानं पोती बाजूला केली आणि दिपा काट्यावर उभी राहिली. अर्धा किलो जास्त. ती उतरली, पुन्हा चढली. तेवढंच. दादा दुकानाच्या पायरीवर मटकन बसला.

घरी येऊन अक्काला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. "एका घासानं..." असं म्हणत ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज करत राहिली.

अंगणात आम्ही तिघं उभे होतो. गावभर दाट धुकं होतं, समोरचं गोठ्याचं छप्पर दिसत नव्हतं. आणि एकदम दिपानं वर बघितलं. गेल्या वर्षभरात मी तिच्या डोळ्यांत असं काही पाहिलं नव्हतं.

"आत्ती, तुझा हीटर चालू झालाय न्हवं?"

चंदगडच्या वाटेवर

पैलवान घाम काढायला प्लॅस्टिकचा सूट घालतात. दिपाचा सूट मीच शिवलेला आहे, रेनकोटच्या कापडाचा, मनगटाला आणि घोट्याला इलॅस्टिक. तो तिनं चढवला, वर स्वेटर, वर अक्काची घोंगडी. मी तिला बजावलं, "गरगरलं, मळमळलं की लगेच सांगायचं. मी गाडी थांबवणार, मग चाचणी गेली खड्ड्यात." तिनं मान डोलावली. अक्कानं एक मोठा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "वजन झाल्यावर दे तिला. त्याच्या आधी न्हाय," असं तीच मला बजावत होती!

निघालो. बटण लाल खुणेच्या टोकाला, पंखा पूर्ण, दांडी बंद, म्हणजे बाहेरची गार हवा आत यायला नको. हां हां म्हणता गाडी तापली. दिपा मागं मुठी मारत होती, उजवी डावी, उजवी डावी. दादाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो निवांत बसला होता. भट्टीपुढं आयुष्य काढलेला माणूस, त्याला काय ते.

आणि काच गेली. कालच्यासारखी हळूहळू नाही, एकदम. आत तीन माणसं घामाघूम, बाहेर थंडगार धुकं. समोर काच नसून दुधाचं पातेलं धरलंय असं वाटत होतं. दादा टॉवेलनं पुसत होता, पण टॉवेलच ओला झालेला. मी खिडकी उघडायला लागले तशी दिपा मागून ओरडली, "आत्ती, उघडू नको! आत्ताच घाम फुटलाय!"

"अगं, मला दिसंना झालंय!"

दादानं पुसलेल्या तळहाताएवढ्या जागेतून मला समोर काहीतरी हिरवं दिसलं. झाड असेल असं वाटलं. झाड जवळ आलं. ते झाड नव्हतं, ती उसाची ट्रॉली होती. रस्त्याच्या मध्यात, मागं लाल दिवा नाही, काही नाही. मी ब्रेक दाबला. उसाची वाढी, म्हणजे हिरवे शेंडे, बॉनेटवर टेकली, इतक्या जवळ.

मी चांगलीच घाबरले. आणि मी घाबरले की मला राग येतो. दादा म्हणाला, "हीटर बंद कर." दिपा म्हणाली, "बंद करू नको, पाया पडतो तुझ्या." कोल्हापुरी पोरी अशाच बोलतात, पोरांसारख्या. दादा तिच्यावर ओरडला, "जिवापरीस वजन मोठं हाय व्हय गं?" ती त्याच्यावर ओरडली, "व्हय! औंदा व्हय!"

मी दोघांवर ओरडले. "पाहिजे काय तुम्हांला? गारवा पाहिजे? घ्या गारवा!" असं म्हणून मी ती दांडी फाडकन उघडली आणि एसीचं बटण ठोकलं. हीटरचं बटण लाल खुणेवरच राहिलंय, हे रागात लक्षातच आलं नाही.

पुढं जे झालं ते मी दुकानात सांगते तेव्हा बायका मापाचा ब्लाउज हातात धरून ऐकत बसतात. काच खालून उघडायला लागली. आधी कडेला एक पट्टी, मग ती पट्टी वर वर चढत गेली, जणू कुणी पडदा गुंडाळत होतं. समोर ट्रॉली दिसली, उसाच्या मोळ्या दिसल्या, मोळीवर बसलेला एक कावळासुद्धा दिसला. आणि हवा? मी घाबरत जाळीपाशी हात नेला.

"आत्ती," मागून दिपाचा आवाज आला, "गरमच हाय की!"

एसी लावला की हीटर बंद होतो, असं मी आजवर धरून चालले होते. आम्ही तिघंही. पण तसं नसतं. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, मग हीटर ती कोरडी हवा तापवतो, दोघं एका वेळी काम करतात. हे मला नंतर उमगलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की मला रस्ता दिसतोय आणि पोरीचा घाम थांबलेला नाही. मी हॉर्न वाजवला. विनाकारण, नुसता आनंदानं. ट्रॉलीवाल्यानं मागं वळून बघितलं आणि ट्रॅक्टर कडेला घेतला.

"शोभे," दादा म्हणाला, "तू रागावलीस ते बरं झालं की गं."

मग मी चंदगडचा रस्ता पाहिला. तांबडी माती, काजूची झाडं, कापणी झालेली भाताची खाचरं आणि त्यांच्यात तळ्यासारखं साठलेलं धुकं. आमच्याकडची काळी सपाट रानं इथं कुठंच नाहीत. बायका डोक्यावर रताळ्यांच्या पाट्या घेऊन धुक्यातून एकदम समोर यायच्या आणि गाडीत बघून थबकायच्या. आत घोंगडी पांघरलेली एक मुलगी हवेत ठोसे मारतेय, पुढं कालचाच काळा शर्ट घातलेला एक माणूस घाम पुसतोय, आणि चालवणारी बाई हसतेय. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे!

चाचणीचं गाव थोडक्यावर आलं तेव्हा दिपा म्हणाली, "आत्ती, थांब. मी उतरतो. हितनं पळतो."

मी तिच्याकडे वळून बघितलं. गरगरतंय का विचारलं. नाही म्हणाली. आणि ती सूट घालूनच पळायला लागली. मी चारही दिवे लुकलुकते ठेवून तिच्या मागं हळूहळू गाडी चालवत होते, म्हणजे मागून कुणी तिच्या अंगावर येऊ नये. समोरची काच इतकी स्वच्छ होती की मला तिच्या टाचा दिसत होत्या, मानेवरचा घाम दिसत होता, तोंडातून निघणारी वाफ दिसत होती. दादा पुढं वाकून डॅशबोर्ड धरून बसला होता. एका वळणावर ती अडखळली तसा त्याचा पाय, नसलेला ब्रेक दाबायला, आपोआप खाली गेला.

काटा

शाळेच्या एका खोलीत वजनं चालली होती. खोलीत बायकाच होत्या म्हणून मला आत जाऊ दिलं. दादा बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. दिपा काट्यावर चढली. आकडे हलायला लागले. वर गेले, खाली आले, पुन्हा वर. मी काट्याकडे बघायचं सोडून तिच्या पायांच्या बोटांकडे बघत होते. तिनं ती गच्च आवळून धरली होती.

पंच बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "उतर बाळा. बसतीस गटात. काठावर हायस, पण बसतीस."

मी किंचाळले. शाळेत किंचाळू नये, पण किंचाळले. दिपानं मला उचललं. मी काही हलकी बाई नाही, तरी तिनं मला उचलून दारापर्यंत नेलं. बाहेर दादानं आम्हांला बघितलं आणि त्याला विचारावं लागलं नाही.

तिला आधी थोडं थोडं पाणी पाजलं. मग मी अक्काचा डबा उघडला. भाकरी, रताळी, गूळ, तूप. दिपानं भाकरीचा पहिला तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि दादापुढं धरला.

"खा आता, पप्पा. झालं."

मला काही कळेना. मी म्हटलं, "तू आधी खा की. ह्याला काय धाड भरलीया?"

"आत्ती, तुला ठाव न्हाय?" ती म्हणाली. "वजन उतरवायला लागल्यापासनं मी जेवढं खातो, तेवढंच पप्पा खायलाय. भट्टीवर डबा बी नेत न्हाय. म्हणतोय, घरात एकटीनं उपाशी ऱ्हायचं न्हाय."

मला गडहिंग्लजची ती मिसळ आठवली. अक्काच्या ताटावरची ती अर्धी भाकरी आठवली. दादा तुकडा हातात धरून तसाच उभा होता. शर्ट काळा, मिशा घामानं ओल्या, आणि डोळ्यांतून दोन ओघळ गालांवरून खाली आलेले. मग त्यानं तो तुकडा तोंडात टाकला आणि मला म्हणाला, "शोभे, चटणी हाय का गं त्यात?"

दुपारी दिपा आखाड्यात उतरली. सगळ्या कुस्त्या सांगत बसत नाही; शेवटची तिनं चितपट मारली, आणि ती जिल्ह्याच्या संघात आहे. वस्तादांनी आधी तिची पाठ थोपटली, आणि हीटरची गोष्ट कळल्यावर असल्या खटपटी पुन्हा केल्या तर याद राख म्हणून आम्हां तिघांनाही झापलं. त्यांचं बरोबर होतं. आम्ही माना खाली घालून ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर हसलो.

परतीला नेसरीत अक्काकडे थांबणं भागच होतं. ती ताट बाजूला सारून बसायच्या आधीच दादा पाटावर बसला होता. किती भाकऱ्या झाल्या ते अक्काही मोजू शकली नाही, नुसती वाढत राहिली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

संध्याकाळच्या उन्हात आमचा भाग आला. कारखान्याची चिमणी दिसली, मळीचा वास सुरू झाला, बॉनेटवर काळे ठिपके पडायला लागले. सवयीप्रमाणे दादाचा हात दांडी बंद करायला पुढं गेला. दांडीवर बोट ठेवून तो जरा थांबला, त्यानं स्वतःच्या शर्टाकडे बघितलं आणि हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे उघडीच," तो म्हणाला. "शर्ट काय, काळाच हाय."

आणि घर येईपर्यंत भरल्या पोटानं झोपला.